बंडाचा जमाखर्च

१. एक साधा प्रश्न

केसांचा हिरवा किंवा तांबडा तुरा उभा केलेला, कातडी जाकिटावर खिळे आणि सेफ्टी पिना यांची नक्षी मिरविणारा एखादा तरुण चित्रपटात किंवा परदेशच्या प्रवासात दृष्टीस पडला, म्हणजे आपल्याकडील सुबुद्ध माणूस दोन प्रश्न विचारतो. त्यांपैकी ‘हा असा का दिसतो?’ हा पहिला प्रश्न बहुधा उत्तराची अपेक्षा न ठेवताच विचारलेला असतो. परंतु ‘या लोकांचे म्हणणे तरी काय? हे डावे, उजवे, की नुसतेच वाह्यात?’ हा दुसरा प्रश्न मात्र खऱ्या जिज्ञासेपोटी येतो, आणि त्याचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. कारण ‘पंक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्या कर्कश संगीताच्या तालावर १९७८ साली लंडनमध्ये हजारो तरुण वंशद्वेषाविरुद्ध रस्त्यावर आले, त्याच संगीताच्या तालावर आणखी काही तरुण हिटलरच्या नावाने हात उंचावीत होते. ज्या सोव्हिएत गायकाला राज्यकर्त्यांनी मनोरुग्णालयात डांबले, तोच गायक पुढे एका उग्र राष्ट्रवादी पक्षाच्या आद्य सभासदांत जाऊन बसला. आणि ज्या अमेरिकन बँडला या पंथाचे आद्यपीठ मानतात, त्याचा गायक आणि गिटारवादक राजकारणात एकमेकांचे कट्टर विरोधक होते.

अशा स्थितीत पंकची विचारसरणी गीतांच्या शब्दांतून काढू पाहणारा अभ्यासक हमखास गोंधळून परततो. यास्तव प्रस्तुत प्रकरणात निराळी वाट धरली आहे. शब्द दुय्यम मानावयाचे, आणि पैसा कोणाचा होता, छपाई कोणी केली, तिकिटाचा दर कोणी ठरविला, रंगमंचापुढे उभे राहण्याची मुभा कोणाला होती, या रूक्ष तपशिलांकडे प्रथम पाहावयाचे. पंकला राजकारण होते, आणि जेथे ते खरोखर होते तेथे ते या जमाखर्चात होते, असे आमचे मत आहे. पुढील हकीकतीवर वाचकाने ते ताडून पाहावे.

२. न्यूयॉर्क

आरंभ राजकारणाविनाच झाला. न्यूयॉर्कमधील बाउअरी या उतरती कळा लागलेल्या रस्त्यावर हिली क्रिस्टल याने १९७३ च्या डिसेंबरात सीबीजीबी नावाचे जे मद्यगृह उघडले, तेथे पुढील वर्षापासून टेलिव्हिजन, रमोन्स, पॅटी स्मिथ अशी मंडळी गाऊ लागली. रमोन्सची गाणी दोन-अडीच मिनिटांत आटोपत, त्यांत तीन-चार कॉर्ड्सपलीकडे काही नसे, आणि तत्कालीन रॉक संगीतात बोकाळलेल्या लांबलचक वाद्यचातुर्याचा तो उघड अधिक्षेप होता. तथापि अधिक्षेप संगीताचा होता, राज्यव्यवस्थेचा नव्हे. १९७५ साली न्यूयॉर्क शहराची तिजोरी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली होती, त्या भागातील भाडी नगण्य होती, आणि निर्धन कलावंतांना तेथे राहणे व वाजविणे परवडत होते. न्यूयॉर्कच्या पंकला सरकारी दुरवस्थेकडून मिळालेली देणगी ती एवढीच.

३. लंडन: घोषणा आणि तिची किंमत

ब्रिटनमध्ये मात्र या ठिणगीखाली कोरडे गवत पसरलेले होते. १९७५ साली तेथील महागाईचा वार्षिक दर २४ टक्क्यांच्या वर गेला, बेकारांची संख्या दहा लाखांच्या पुढे सरकली, आणि १९७६ च्या अखेरीस, ज्या राष्ट्राच्या दप्तरातून एके काळी जगाच्या मोठ्या भागाचा कारभार चालत असे, त्याच राष्ट्राला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी पदर पसरावा लागला. शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या कामगाराच्या मुलाला आपला बाप ज्या कारखान्यात राबला त्याचे दार बंद होताना दिसत होते, आणि विशीच्या आतच बेकारभत्त्याच्या रांगेत उभे राहण्याची त्याच्यावर पाळी येत होती.

या मुलांना आवाज मिळवून देणारा गृहस्थ मात्र कामगार नव्हता. तो कपड्यांचा दुकानदार होता. माल्कम मॅक्लारेन आणि त्याची सहकारी व्हिव्हियन वेस्टवुड यांचे लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० क्रमांकाचे दुकान होते, आणि तेथे घुटमळणाऱ्या पोरांतून त्याने सेक्स पिस्टल्स हा बँड उभा केला. गायक जॉन लायडन, पुढे जॉनी रॉटन म्हणून प्रसिद्धीस आलेला, निवडला गेला तो गळ्यासाठी नव्हे, तर पिंक फ्लॉइड या प्रतिष्ठित बँडचे नाव छापलेल्या सदऱ्यावर त्याने स्वतःच्या हाताने त्या बँडचा तिटकारा व्यक्त करणारे शब्द लिहिले होते म्हणून.

येथे दोन कल्पना समजून घेतल्या पाहिजेत. पहिली ‘सिच्युएशनिस्ट’ नावाच्या युरोपीय विचारवंतांची. त्यांचा म्होरक्या गी दबोर याने १९६७ साली असे प्रतिपादन केले, की आधुनिक समाजात माणसे जगत नाहीत, जगण्याचा तमाशा पाहतात; जाहिराती, वृत्तपत्रे आणि दूरदर्शन यांनी अनुभवाची जागा बळकाविली आहे. यावर त्यांचा उपाय असा, की सत्तेचीच चित्रे उचलावयाची आणि त्यांत किंचित फेरफार करून ती सत्तेवर उलटवावयाची. मॅक्लारेन आणि त्याचा चित्रकार मित्र जेमी रीड यांनी हा उपाय तंतोतंत अमलात आणला. राणीच्या अधिकृत छायाचित्रावर, तिच्या डोळ्यांच्या आणि ओठांच्या जागी, वर्तमानपत्रांतून कातरल्यासारख्या अक्षरांच्या पट्ट्या चिकटविणारे रीडचे चित्र हा त्या पद्धतीचा नमुनाच होय.

दुसरी कल्पना अराज्यवादाची. अराज्य म्हणजे अंदाधुंदी ही समजूत सर्वत्र रूढ असली, तरी प्रूधाँ, क्रोपोत्किन प्रभृतींच्या मूळ तत्त्वज्ञानात तिचा अर्थ निराळा आहे: सक्ती करणारी वरिष्ठ सत्ता नसतानाही माणसे परस्परांच्या सहकार्याने आपला व्यवहार सुरळीत चालवू शकतील, असा तो विश्वास आहे. विनोबांचे शासनमुक्तीविषयीचे विवेचन ज्यांनी वाचले आहे त्यांना यात फारसे अपरिचित काही आढळणार नाही. सेक्स पिस्टल्सची पहिली ध्वनिमुद्रिका ‘अ‍ॅनार्की इन द यू.के.’ २६ नोव्हेंबर १९७६ रोजी बाहेर पडली तेव्हा तिच्यात या दुसऱ्या अर्थाचा मागमूस नव्हता. होती ती निव्वळ पहिली अंदाधुंदी, आणि तिचा आनंद.

१ डिसेंबर रोजी एका सायंकालीन दूरदर्शन कार्यक्रमात मुलाखतकार बिल ग्रंडी याने या पोरांना डिवचले, पोरांनी अर्वाच्य शिव्या हासडल्या, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या देशाला पंक हा शब्द ठाऊक झाला. ईएमआय कंपनीने जानेवारीत करार मोडला. मार्चमध्ये ए अँड एम कंपनीने बकिंगहॅम राजवाड्यासमोर समारंभपूर्वक सही घेतली आणि आठवडाभरात तीही पस्तावली. अखेर व्हर्जिन कंपनीने मे १९७७ मध्ये ‘गॉड सेव्ह द क्वीन’ हे गाणे काढले. राष्ट्रगीताचेच नाव धारण करणारे हे गाणे राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात आल्यामुळे बीबीसीने त्याचे प्रक्षेपण बंद केले, आणि तरीही खपाच्या अधिकृत यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. पहिला क्रमांक त्यास जाणूनबुजून नाकारला गेला, असा संशय अद्यापि व्यक्त केला जातो. ७ जूनला बँडने थेम्स नदीत नौका भाड्याने घेऊन गाण्याचा घाट घातला, तेव्हा पोलिसांनी ज्यांना पकडले त्यांत मॅक्लारेनही होता. जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे बँड मोडला.

आता वही उघडू. ज्या बंडाने इंग्लंड हादरले, त्याची पेशगी तीन बड्या कंपन्यांकडून आली होती, मुखत्यारी एका दुकानदाराकडे होती, आणि करार मोडल्याबद्दल मिळालेली नुकसानभरपाई हा त्याच्या उत्पन्नाचा एक लक्षणीय भाग होता. मॅक्लारेनने हे कधी लपविले नाही; ही फसवणूक हीच आपली कलाकृती, अशी फुशारकी तो पुढे मारीत असे. त्याच्या चातुर्यास दाद दिली तरी याला राजकारण म्हणावयास आमचे मन धजत नाही.

४. पाचशे पौंडांचे गणित

खरी राजकीय घटना आमच्या मते मँचेस्टर येथे घडली, आणि तिच्यासाठी कोणालाही अटक झाली नाही. बझकॉक्स नावाच्या बँडने मित्र आणि आप्तेष्ट यांजकडून सुमारे ५०० पौंड कर्जाऊ घेऊन, कोणत्याही कंपनीच्या दारी न जाता, ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची ध्वनिमुद्रिका जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच काढली. तिच्या पहिल्या खेपेत १,००० प्रती होत्या. हिशेब मांडून पाहा: ५०० पौंडांस १,००० प्रती, म्हणजे प्रत्येक प्रत अर्ध्या पौंडास पडली. समजा, ती दुकानात एका पौंडास विकली गेली आणि दुकानदाराने त्यातील चतुर्थांश ठेवून घेतला, तरी प्रत्येक प्रतीमागे पाऊण पौंड हाती येतो, आणि ६६७ प्रती खपल्या की कर्ज फिटते. उरलेल्या प्रती म्हणजे पुढील ध्वनिमुद्रिकेचे भांडवल. प्रत्यक्षात ती सोळा हजारांच्या आसपास खपली. या आकड्यांचे महत्त्व नफ्यात नाही. ध्वनिमुद्रण हा धनाढ्य कंपन्यांचा मक्ता आहे आणि कलावंताने त्यांच्या दारात परवान्यासाठी तिष्ठत उभे राहिले पाहिजे, ही जी अढळ वहिवाट समजली जात होती, ती दोन-चार पोरांनी साध्या अंकगणिताने मोडून काढली. ‘स्वतःच करा’ हे पंकचे सर्वांत टिकाऊ तत्त्व ते हेच.

नियतकालिकांतही हेच घडले. मार्क पेरी नावाच्या बँकेतील कारकुनाने जुलै १९७६ मध्ये ‘स्निफिन ग्लू’ हे काही पाने टंकून, यंत्रावर प्रती काढून, टाचण्या मारून वाटावयाचे पत्र सुरू केले. पहिल्या अंकाच्या प्रती जेमतेम पन्नास होत्या. अशा पत्रास फॅनझिन म्हणतात. मुंबईत साठीच्या दशकात सायक्लोस्टाइल यंत्रावर निघालेली लघुअनियतकालिके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना फॅनझिनचे रूप वेगळे समजावून सांगावयास नको: तोच शाईचा डाग, तीच पदरमोड, आणि प्रस्थापित संपादकाच्या टेबलावरून न जाता छापले जाण्याचा तोच उन्माद. खप हजारोंवर गेला तेव्हा पेरीने ते पत्र सुमारे वर्षभरातच बंद केले, आणि वाचकांनी आता आपापली पत्रे काढावीत असे सुचविले. व्यवसायवृद्धीच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा. तत्त्वाच्या दृष्टीने यापरते सुसंगत वर्तन नाही.

५. स्वस्तिक आणि साउथॉल

स्वतःच करण्याची मुभा सर्वांना दिली की ती सज्जनांनाच मिळते असे नाही, हा धडा लवकरच मिळाला. लंडनच्या पहिल्या पंक मंडळींपैकी सिड व्हिशस, सूक्सी इत्यादिकांनी दंडावर किंवा छातीवर नाझी स्वस्तिक लावून मिरविले. आपल्या उंबरठ्यावरील मंगलचिन्हाची जर्मनीत काय गत झाली हे ठाऊक असलेल्या वाचकास त्याचा विशेष विषाद वाटेल. पण त्यांचा उद्देश, जो काही होता तो, महायुद्ध लढलेल्या वडीलधाऱ्यांना झोंबावे एवढाच होता. चिन्हाचा अर्थ आपण रिकामा केला आहे अशी त्यांची समजूत होती. ती किती भोळी होती हे रस्त्यावर दिसू लागले. कारण नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाने १९७७ च्या लंडनमधील निवडणुकीत एक लाखाहून अधिक मते मिळविली होती, आणि पंकचा कर्कशपणा आवडणाऱ्या गोऱ्या बेकार पोरांवर त्याची नजर होती.

याला उत्तर म्हणून जी चळवळ उभी राहिली तिचे निमित्त पंक नव्हतेच. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका मैफलीत विख्यात गिटारवादक एरिक क्लॅप्टन याने स्थलांतरितांविरुद्ध भाषण ठोकून स्थलांतरविरोधी राजकारणी इनॉक पॉवेल यांची तरफदारी केली; ज्याचे सारे संगीत कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर पोसलेले, त्याच्या तोंडून हे ऐकून संतापलेल्या रेड साँडर्स आणि मित्रांनी संगीतविषयक पत्रांना एक खरमरीत पत्र धाडले, आणि त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही संघटना जन्मली. तिची युक्ती साधी होती: एकाच रंगमंचावर गोऱ्यांचा पंक बँड आणि काळ्यांचा रेगे बँड आणावयाचा, म्हणजे ऐकावयास येणाऱ्याला दुसऱ्याचेही ऐकावे लागते. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गर चौकातून निघालेला मोर्चा लंडनच्या पूर्व भागातील व्हिक्टोरिया पार्कवर पोहोचला तेव्हा जमाव ८० हजारांच्या घरात होता, आणि त्यापुढे क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन यांच्याबरोबर एक्स-रे स्पेक्स हा बँड गायला. त्याची गायिका पॉली स्टायरीन सोमाली पित्याची कन्या होती. पुढील वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत नॅशनल फ्रंटची धूळधाण उडाली. याचे सारे श्रेय मैफलींना देणारे लेखक आहेत. परंतु जानेवारी १९७८ मध्ये विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर यांनी परकीय संस्कृतीच्या लोकांनी देश भरून जाईल ही जनतेची भीती बोलून दाखविली होती, आणि फ्रंटची बरीच मते त्यांच्या पक्षाकडे वळली, हेही नमूद केले पाहिजे. दक्षिण लंडनमधील पाकिस्तानी कुळांतील तरुणांनी १९७९ साली जो पंक बँड काढला, त्याने थॅचर बाईंच्या त्या उद्गाराची खिल्ली म्हणून ‘एलियन कल्चर’ हेच नाव धारण केले.

भारतीय वाचकाने या कथेतील साउथॉलचे प्रकरण विसरू नये. पश्चिम लंडनमधील ही प्रामुख्याने पंजाब्यांची वस्ती. १९७६ च्या जूनमध्ये गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा येथे खून झाला. एप्रिल १९७९ मध्ये नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्धच्या निदर्शनांत ब्लेअर पीच हा शिक्षक डोक्यास मार लागून मृत्यू पावला. आणि ३ जुलै १९८१ रोजी, ‘ओय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पंकच्याच कामगारवर्गीय शाखेतील तीन बँडांचा कार्यक्रम नेमका याच वस्तीतील हॅम्बरो टॅव्हर्न या मद्यगृहात ठेवला गेला. बाहेरून बसगाड्या भरून आलेल्या मुंडण केलेल्या तरुणांपैकी काहींनी वाटेत आशियाई लोकांच्या दुकानांची मोडतोड केली. आणि यापूर्वी दोन वेळा रक्त सांडलेले पाहिलेल्या साउथॉलच्या पोरांनी त्या रात्री ते मद्यगृह जाळून टाकले. आम्ही वंशद्वेष्टे नव्हतो, अशी कैफियत त्या बँडांनी पुढे वारंवार दिली, आणि त्यांतील काहींच्या बाबतीत ती खरीही असेल. पण त्याच वर्षी ओय गीतांचा जो संग्रह निघाला होता, त्याचे नाव एका नाझी घोषवाक्यावर बेतलेले होते. चिन्हे रिकामी असतात असे मानणाऱ्यांचा हा हिशेब साउथॉलच्या दुकानदारांनी चुकता केला. दुसरीकडे स्क्रूड्रायव्हर या बँडचा गायक इयन स्टुअर्ट उघडपणे नाझी झाला आणि १९८७ साली त्याने ‘ब्लड अँड ऑनर’ हे जाळे उभे केले. तेही स्वतःच, कोणाच्या परवान्यावाचून. येथे आमच्या सिद्धांताला ठेच लागते हे मान्य केले पाहिजे: साधनांची मालकी हाती आली म्हणजे साध्य आपोआप निर्मळ होत नाही.

६. एपिंगजवळचे घर

अराज्यवादाचा दुसरा, सहकार्याचा अर्थ ज्यांनी मनावर घेतला त्यांची वस्ती एसेक्स परगण्यात एपिंगच्या जंगलानजीक ‘डायल हाउस’ या जुन्या शेतघरात होती. पेनी रिंबो, गायक स्टीव्ह इग्नोरंट, चित्रकर्त्री जी व्होशर इत्यादी मंडळी तेथे एकत्र राहत, भाजी पिकवीत, येईल त्याला जेवू घालीत, आणि १९७७ पासून ‘क्रास’ या नावाने गात. पिस्टल्सनी ज्याला विनोद समजून सोडून दिले होते ते या लोकांनी जीवनव्रत म्हणून उचलले: युद्धविरोध, शाकाहार, स्त्रीपुरुषसमता, कोणत्याही पक्षाला मत न देणे. त्यांच्या मुद्रिकेच्या वेष्टणावर, ग्राहकाने यापेक्षा अधिक दाम मोजू नये, अशी ताकीद किमतीसह छापलेली असे. दुकानदाराच्या नफ्यावर मर्यादा घालणारी ही एक ओळ आम्हास त्यांच्या सर्व गाण्यांहून अधिक वक्तृत्वपूर्ण वाटते. त्यांचे संगीत ऐकणे, प्रांजळपणे सांगावयाचे तर, शिक्षेसारखे आहे.

त्यांच्या पहिल्या मुद्रिकेतील एका धर्मविरोधी गाण्यास मुद्रिकेच्या प्रती काढणाऱ्या आयर्लंडमधील कारखान्याच्या कामगारांनी हात लावण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी त्या जागी तेवढी मिनिटे निःशब्द ठेवली आणि त्या शांततेला ‘भाषणस्वातंत्र्याचा आवाज’ असे नाव दिले. १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर पंतप्रधान थॅचर यांस उद्देशून काढलेल्या त्यांच्या गाण्यावर खटला भरण्याची भाषा सत्ताधारी पक्षात झाली. पुढे त्यांनी थॅचर आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या ध्वनिफिती कातरून, जोडून, दोघांमधील एक बनावट दूरध्वनी-संभाषण तयार केले. ते १९८३ साली प्रसृत झाले तेव्हा अमेरिकन परराष्ट्र खात्याने त्यामागे सोव्हिएत हेरखात्याचा हात असल्याचा तर्क केला, आणि ‘ऑब्झर्व्हर’ पत्राने जानेवारी १९८४ मध्ये तो माग एपिंगच्या शेतघरापर्यंत आणून सोडला! त्याच वर्षी वेल्समधील ॲबरडेर येथे संपकरी खाणकामगारांच्या मदतीसाठी गाऊन क्रासने आपला संसार आवरला.

क्लॅश या बँडचा मार्ग मधला होता. परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याचा मुलगा जो स्ट्रमर आणि त्याचे सहकारी यांनी १९७७ साली सीबीएस या बड्या कंपनीशी करार केला, आणि अनेक भाविकांनी त्याच दिवशी पंकचे सुतक पाळले. परंतु १९८० साली निकाराग्वाच्या क्रांतिकारकांचे नाव धारण करणारा त्यांचा तीन तबकड्यांचा संच त्यांनी स्वतःच्या मानधनावर पाणी सोडून स्वस्त विकावयास लावला. वहीत ही नोंदही पाहिजे.

७. अमेरिकेचे पंथ

अटलांटिक ओलांडल्यावर राजकारण स्थानिक आणि काहीसे विनोदी झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीज बँडचा गायक जेलो बियाफ्रा १९७९ साली महापौरपदासाठी उभा राहिला. व्यापाऱ्यांनी शहराच्या हद्दीत विदूषकाचा वेश करावा हे त्याच्या जाहीरनाम्यातील कलम गाजले, पण पोलिसांना त्यांच्या हद्दीतील रहिवाशांनी मते देऊन नेमावे हे त्याच्या शेजारचे कलम मुळीच थट्टेचे नव्हते. सहा हजारांवर मते घेऊन तो चौथा आला. वॉशिंग्टनमध्ये इयन मॅके आणि मित्रांनी १९८० साली ‘डिस्कॉर्ड’ ही स्वतःची कंपनी काढली. अज्ञान वयाच्या मुलांना मद्य मिळू नये म्हणून क्लबचे दारवान त्यांच्या हातावर फुलीची खूण करीत. याच खुणेचे त्यांनी भूषण केले, आणि दारू, तंबाखू व मादक द्रव्ये वर्ज्य मानणारा ‘स्ट्रेट एज’ पंथ त्यातून निघाला. नव्वदीच्या दशकात त्याच्या काही कडव्या अनुयायांनी दारू पिणाऱ्यांना मारहाण करण्यापर्यंत मजल नेली. तर न्यूयॉर्कच्या क्रो-मॅग्ज बँडने आपल्या १९८६ च्या मुद्रिकेला चक्क कलियुगाचे नाव दिले आणि त्या परिसरातील अनेक जण हरेकृष्ण पंथाचे टिळे लावून गाऊ लागले. संयम हा मूळचा बंडखोरीचा विषय नाही, पण जेथे सारे बेताल आहेत तेथे तो होऊ शकतो.

रमोन्सच्या घरात तर पक्षभेद थेट ताटातच वाढला होता. रेगन यांनी १९८५ साली जर्मनीतील ज्या बिटबुर्ग दफनभूमीस भेट दिली तेथे नाझींच्या एसएस दलातील सैनिकही पुरलेले होते. ज्यू कुटुंबातील गायक जोई रमोन याने त्यावर गीत रचले, आणि रेगन यांचा भक्त असलेला गिटारवादक जॉनी याच्या हरकतीमुळे अमेरिकेत त्याचे मूळ नाव बदलावे लागले.

या सर्व पुरुषी धटिंगणपणात मुलींची जागा मागच्या भिंतीपाशी होती. १९९१ च्या सुमारास ऑलिंपिया आणि वॉशिंग्टन येथील तरुणींनी ‘रायट गर्ल’ या नावाने जी उठावणी केली, तिचा पहिला हुकूम तात्त्विक नव्हता, जागेविषयीचा होता. बिकिनी किल या बँडची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमाच्या आरंभी मुलांना मागे सरावयास आणि मुलींना पुढे यावयास सांगे. स्त्रीमुक्तीवरील ग्रंथांनी जे कदाचित साधले नसते, ते सभागृहातील दहा फूट जमिनीच्या फेरवाटपाने साधले.

८. भिंतीपलीकडे

ब्रिटिश मुलांची तक्रार भविष्य नसल्याची होती. पूर्व जर्मनीतील मुलांना सरकारने शाळा, कारखाना आणि निवृत्तिवेतन यांसह ते पूर्ण आखून दिले होते, आणि त्यांना ते नको होते. तेथे गाण्यासाठीदेखील सरकारी परवाना लागे. बिनपरवाना गाणाऱ्या पंक मंडळींना प्रॉटेस्टंट चर्चनी आपली सभागृहे खुली केली, आणि ‘नामेनलोस’ या बँडच्या तरुणांना १९८३ साली अटक होऊन कारावास भोगावा लागला. राजवट कोसळून गुप्त पोलिसांची दप्तरे खुली झाली तेव्हा काही बँडांतील वादकच खबरे होते असे निष्पन्न झाले.

सायबीरियातील ओम्स्क येथे येगोर लेतोव याने १९८४ साली ‘ग्राझ्दान्स्काया ओबोरोना’ हा बँड काढला, घरातल्या घरात ध्वनिफिती भरून हातोहात पसरविल्या, आणि १९८५ च्या अखेरीस त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. सोव्हिएत संघ विलयास गेल्यावर हाच लेतोव एदुआर्द लिमोनोव याच्या राष्ट्रीय बोल्शेविक पक्षात सामील झाला. त्याला सत्ताधाऱ्यांचा तिटकारा होता. सत्ताधारी बदलले, तिटकारा कायम राहिला, आणि त्याला नवी वस्त्रे मिळाली. २१ फेब्रुवारी २०१२ रोजी मॉस्कोच्या मुख्य कॅथीड्रलमध्ये पुतिन यांच्याविरुद्ध गाणाऱ्या पुसी रायट या गटातील तरुणींना दोन वर्षांच्या शिक्षा झाल्या, तेव्हा लेतोव हयात नव्हता.

९. बाजार

बर्कलीतील ९२४ गिलमन स्ट्रीट या स्वयंसेवकांनी चालविलेल्या सभागृहाचा एक नियम असा, की बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तेथे मज्जाव. तेथेच वाढलेल्या ग्रीन डे या बँडने १९९३ साली असा करार केला, आणि त्यांची १९९४ ची मुद्रिका एकट्या अमेरिकेत एक कोटीपर्यंत खपत असताना त्यांना घरचे दार मात्र बंद झाले. ते उघडले २०१५ साली, एका मदतकार्याच्या निमित्ताने. व्हिव्हियन वेस्टवुड २००६ मध्ये राणीकडून ‘डेम’ झाल्या. त्यांच्या आणि मॅक्लारेनच्या मुलाने, जो कोरे याने, २६ नोव्हेंबर २०१६ रोजी थेम्सच्या पात्रात पंककालीन वस्तूंचा आपला संग्रह जाळला आणि त्याची किंमत पन्नास लाख पौंड सांगितली. पंक आता लिलावाची वस्तू झाली या निषेधार्थ जाळावयाच्या वस्तूंची लिलावातील किंमत सांगावी लागावी, यातील विसंगती त्या गृहस्थाच्या ध्यानात आली असेल काय? आणि अराज्याचा आद्य गायक लायडन याने २०२० साली डोनाल्ड ट्रम्प यांस पाठिंबा जाहीर केला, आणि २०२१ साली लंडनच्या न्यायालयात आपल्या जुन्या साथीदारांविरुद्ध गाण्यांच्या वापराबाबतचा दावा गमावला. आपसांत बहुमताने निर्णय घेण्याचा १९९८ चा करारनामा त्याच्यावर बंधनकारक आहे, असा निकाल पडला.

१०. जावा बेट

आज पंकचे राजकारण पाहावयाचे तर लंडनला जाऊन उपयोग नाही. आपल्याकडे मुंबईत ‘द रायट पेडलर्स’ यांसारखे बँड झाले, परंतु इंग्रजी जाणणाऱ्या थोड्या श्रोत्यांपलीकडे त्यांचा संचार झाला नाही. इंडोनेशियात मात्र पंकने मूळ धरले आहे. २०११ च्या डिसेंबरात बांदा आचे येथे धर्मादाय कार्यक्रमास जमलेल्या साठाहून अधिक पंक तरुणांना पोलिसांनी पकडले, त्यांचे केस भादरले आणि ‘सुधारण्या’साठी दहा दिवस पोलीस प्रशिक्षण केंद्रात ठेवले.

मध्य जावातील पुरबलिंगा गावचा सुकातानी हा दोघांचा बँड चेहरे झाकून गातो आणि कार्यक्रमात श्रोत्यांना भाजीपाला वाटतो. वाहन-परवान्यापासून प्रत्येक कामासाठी पोलिसांना चिरीमिरी द्यावी लागते, या आशयाचे त्यांचे गाणे लोकप्रिय झाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या दोघांना मुखवटे उतरवून, चित्रफितीत राष्ट्रीय पोलीसप्रमुखांची क्षमा मागावी लागली आणि गाणे मागे घ्यावे लागले. त्या आठवड्यात अनेक शहरांत सरकारविरोधी निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांनी तेच गाणे रस्त्यावर म्हटले. टीकेचा गहजब झाल्यावर पोलीसप्रमुखांनी या बँडला पोलीस दलाचे दूत म्हणून नेमण्याची तयारी दाखविली. सुकातानीने ती नेमणूक नाकारली.